उठलेल्या घरची बाटली

धुळ्यात आम्ही राहायचो त्या खोलीत निम्मी जागा बाटल्यांची होती. उरलेल्या निम्म्यात आम्ही पाच माणसं. वडील जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे गठ्ठे ओढायचे. जिन काही बारा महिने चालत नाही. कापूस संपला की काम संपलं. मग माय घर चालवायची, ते औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवर. आमच्याकडे पावसाळा म्हणजे भाकरी आणि तिखट. भाजी झाली त्या दिवशी कोणीतरी पाहुणा आलाय असं समजायचं.

तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, दवाखान्यात पातळ औषध कंपाउंडर मोठ्या बरणीतून ओतून द्यायचा. वर कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक दात म्हणजे एक डोस. बाटली मात्र पेशंटने आणायची. ज्याने आणली नाही त्याने शेजारच्या मेडिकलमधून घ्यायची. त्या मेडिकलला धुतलेल्या बाटल्या माय पुरवायची. मेडिकलवाल्यांना सगळी पेठ नाना म्हणे, आम्हीही नानाच म्हणायचो.

माय सकाळी पाटी घेऊन गल्ल्या फिरायची. आणलेल्या बाटल्या आम्ही भिजत घालायचो, लेबल नखाने सोडवायचो, राखेने घासायचो. मग माय त्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात उपड्या लावायची. शाळेत माझ्या शेजारची मुलगी म्हणायची, "तुझ्या हाताला दवाखान्याचा वास येतो." येत होता. कितीही धुतले तरी येत होता.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना खोटी वाटेल, पण आमच्याकडे ती होती. बाटली घेणारा माणूस काचेला तडा आहे का ते बघत नसे. तो विचारायचा, "नाना, बाटली कोण्या घरनी?" आणि नाना मान वर न करता सांगायचे, "उठेल घरनी."

उठेल घर म्हणजे ज्या घरातला आजारी माणूस त्या औषधाने उठून बसला ते घर. अशा घरची बाटली गुणाची. ज्या घरात माणूस गेला, तिथली बाटली कोणी हातात धरत नसे. नानांच्या दुकानातली प्रत्येक बाटली उठेल घरचीच असायची. एकदा एक म्हातारा म्हणाला, "नाना, धुळामा कोणी मरस का नही?" नाना म्हणाले, "आबा, तुम्ही घाई करू नका, इतकंच."

नाना गिऱ्हाईक सांभाळायला बोलायचे. माय मात्र ते खरं करायची. पाटी घेऊन गेली की दारातच विचारायची, "पेशंट कसा शे?" बरा असेल तर बाटली पाटीत. गेला असेल तरी ती बाटली घ्यायची, कारण त्या घराला ती नकोच असायची, पण येताना पांझरा नदीच्या काठी दगडावर फोडून यायची. रिकामी पाटी घेऊन आली की वडील चिडायचे.

"घरमा खावाले नही नि तू बाटल्या फोडी राहिनी."

"कोणाना पोरले देऊ त्या?" एवढंच माय म्हणायची.

मी अकरावी सायन्सला गेले त्या वर्षी वडिलांना छातीच्या दुखण्याने धरलं. जिनमधला कापसाचा भुगा म्हणा, विडी म्हणा, डॉक्टर दोन्ही म्हणाले. खोकला लागला की ते खाटेची दोरी धरून बसायचे. ते उठले नाहीत तर माझं कॉलेज बंद आणि धाकट्या भावांची शाळाही बंद, हे घरात कोणी बोलत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं.

मायने त्यांच्यासाठी एक बाटली राखून ठेवली होती. तपकिरी, जाड बुडाची. शिंदखेड्याकडच्या एका म्हाताऱ्याची. त्याला लेकीकडे धुळ्यात आणलं तेव्हा घरच्यांनी आशा सोडली होती, आणि तो उठला, नातीच्या लग्नात पंगतीला वाढत फिरला. तेव्हापासून ती बाटली मायने विकली नव्हती. आता वडिलांचं औषध त्याच बाटलीत यायचं. औषध संपलं की माय ती धुवायची आणि पदराखाली धरून पुन्हा दवाखान्यात न्यायची.

मी तेव्हा नवीन नवीन केमिस्ट्री शिकत होते. म्हटलं, "माय, काचेला काय कळतं? औषध बदला म्हणावं डॉक्टरांना."

माय बाटली पुसत होती. म्हणाली, "तुले बठ्ठं कळस ना? मंग तुना बापले बरा कर."

डॉक्टरांनी औषध बदललंही. मग मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. तिथेही नेलं. ती बाटली तिथेही उशाशी होती. वडील उठले नाहीत. कपाशी फुटायच्या आधी गेले, जिन सुरू व्हायच्या आत.

दहावा-तेरावा झाला. पाहुणे गेले. माय खाटेखालची ती बाटली काढून माझ्यासमोर घेऊन बसली. पट्टीचे दोन दात अजून शिल्लक होते.

"आते हाई कोण्या घरनी सांग."

मला वाटलं, आता ती नदीवर जाईल. ती मोरीत गेली. पट्टी सोडवली, राखेने घासली, उकळत्या पाण्यातून काढली, आणि बाकीच्या बाटल्यांबरोबर पाटीत घातली. मीही तिच्याबरोबर गेले. मायने पाटी नानांच्या काउंटरवर ठेवली. नानांनी एकेक बाटली उजेडात धरून बघितली. तपकिरी बाटलीशी त्यांचा हात थांबला. ती बाटली त्यांच्या समोरून कितीदा गेली होती.

"अक्का, ही नको," नाना म्हणाले.

"काय वाईट शे तिनामा?"

"वाईट काही नाही. पण ही नको."

"नाना, बाटली शे. बाटलीच शे."

नानांनी ती हळूच बाजूला सरकवली आणि बाकीच्या आत ठेवल्या. आयुष्यभर सगळ्यांना 'उठेल घरनी' सांगणारा माणूस, पण ती एक त्याच्याने ठेववेना. मायने बाटली पदरात घेतली. नदीवर गेली नाही, घरी आणली. तिच्यात आम्ही रॉकेल ठेवायचो. त्यानंतर मायने कोणत्याच दारात पेशंट कसा आहे ते विचारलं नाही. मिळेल ती बाटली आणायची, धुवायची, द्यायची. कोणाच्या पोराला काय, हे ती पुन्हा बोलली नाही. माझं कॉलेज त्या बाटल्यांवर झालं. पुढे कंपन्यांची तयार, सीलबंद औषधं आली आणि नानांना धुतलेल्या बाटल्या लागेनाशा झाल्या.

मी बी.एस्सी. झाले, नंतर फार्मसीचा डिप्लोमा केला. आमच्या घराण्यात कॉलेजचा दाखला आणणारी मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. नोकरी जळगावला, एका मेडिकलमध्ये लागली. तिथे मला कळलं की तयार औषधांच्या बाटल्याही परत भरल्या जातात. लेबलासकट चांगली बाटली भंगारात गेली की कोणीतरी ती उचलतो, आत काहीतरी रंगीत पाणी घालतो आणि विकतो. मालकांच्या मागे लागून मी दुकानाबाहेर एक पत्र्याची पेटी ठेवली. रिकाम्या बाटल्या इथे टाका, आम्ही लेबल खरवडून, तोंड फोडून काचवाल्याला वितळवायला देऊ.

मालक म्हणाले, "बाई, कोण येणार कचरा घेऊन?"

बरी झालेली माणसं आली नाहीतच. बरा झालेला माणूस औषधाच्या दुकानाकडे बघतही नाही, बाटली भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो. आले ते दुसरे. तेरावा झाला की पिशवीभर बाटल्या घेऊन यायचे, काही अर्ध्या भरलेल्या, झाकणं चिकटलेली. पेटीजवळ उभे राहायचे, माझ्याकडे न बघता टाकायचे. माय ज्या बाटल्या नदीवर फोडायची, नेमक्या त्याच. मी काही विचारत नसे. दुपारी दुकान रिकामं असलं की मागे बसून लेबलं खरवडायची. हाताला तोच वास परत आला.

मायला ती पेटी दाखवायला एकदा जळगावला आणलं. तिने पेटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "तू फोडस त्या?"

"फोडते."

"बठ्ठ्या?"

"बठ्ठ्या. सगळ्या."

ती पायरीवर बसून राहिली, परतीच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत.

बाजारात रंगीत पाणी यायचं ते येतच राहिलं. दुसऱ्या कुठल्या मेडिकलने पेटी ठेवली नाही. आमच्या पेटीत पडलेली बाटली मात्र पुन्हा कोणाच्या घरी गेली नाही.