वहीत चिकटवलेल्या गोळ्या

माझ्या वहिनीला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. ती तुकडेबाई. आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांचे कपडे शिवतात आणि वहिनी सुईखोलीत बसते. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडा. एक टेबल, एक खुर्ची, सुयांचं कपाट आणि एक जाडजूड वही. शिवता शिवता सुई मोडली की शिवणारीने सगळे तुकडे हुडकून तिच्याकडे न्यायचे. वहिनी ते टेबलावर जुळवते, टोकापासून दांड्यापर्यंत सुई पुरी भरली की वहीत चिकटपट्टीखाली डकवते, पुढे तारीख घालून ‘पूर्ण’ असं लिहिते आणि मगच नवी सुई देते. टोक हरवलं तर नवी सुई नाही. मग रडा, पाया पडा, नाहीतर साहेबांना घेऊन या.

“बाळाच्या अंगाला लोखंड लागता कामा नये,” एवढं एकच तिचं शास्त्र. एकदा शिवताना माझी सुई मोडली, तर तिच्या टोकासाठी तिने मला दीडशे झबली उलटी करून बघायला लावली. टोक शेवटी माझ्याच चपलेच्या तळव्यात निघालं. नणंद म्हणून सूट नाहीच, उलट चारचौघींत चार शब्द जास्त ऐकवले. वर पुन्हा “अहो वन्सं” म्हणून ऐकवले, म्हणजे भांडताही येईना.

दादा मालट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरात दोन खोल्या आणि आम्ही दोघी. तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात वहिनीचं बाळ गेलं आणि रक्त इतकं गेलं की तीही जाता जाता राहिली. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मी एकटी बसले होते. आतून रक्ताने भिजलेल्या चादरी बाहेर येत होत्या आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. तेव्हापासून ती भीती माझ्या पोटात घर करून बसली आहे. म्हणून यंदा तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंद आम्ही कुणीच मोठ्याने बोलून दाखवला नाही.

चौथा महिना लागला आणि मला तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. कापडावर खुणा करायचा खडू! पेटीतले खडू कमी होत होते आणि मी इतके दिवस उगाच कटिंगवाल्याकडे डोळे वटारून बघत होते. “खावासा वाटतो,” ती खाली मान घालून म्हणाली. जिन्यावर तिसऱ्या पायरीलाच तिला धाप लागायची. नखं पांढरीफटक पडली होती.

कारखान्यात दर मंगळवारी एक सिस्टर येते. तिने वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, बोटातलं रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. “हिमोग्लोबिन सात आहे. सातावर बाळंतपण म्हणजे विषाची परीक्षा. मागच्यासारखं रक्त गेलं तर आमच्या हातात काही राहणार नाही.”

सिस्टरने त्याच दिवशी सगळ्या बायकांना जंताची गोळी दिली, दर सहा महिन्यांनी देते तशी. आमच्या धुलाईच्या आवारात बायका अनवाणी ओल्या मातीत उभ्या असतात आणि संडास तिथेच मागे. जंत पायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. “गळक्या पिंपात पाणी भरून काय उपयोग? आधी भोक बुजवा,” सिस्टर म्हणाली. पोटुशीला पहिले तीन महिने ती देत नाहीत, पण वहिनीला चौथा लागला होता, त्यामुळे तिलाही दिली. तिने ती मुकाट्याने चावून खाल्ली. मग सिस्टरने तिच्यासाठी रोजच्या लोहाच्या गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात ठेवली. जेवणानंतर, पाण्याबरोबर, चहाबरोबर अजिबात नाही.

आणि इथे मी माती खाल्ली. प्रत्येक झबलं पॅकिंगआधी सुईमशीनच्या पट्ट्यावरून जातं. आत लोखंडाचा कण राहिला असेल तर मशीन किंचाळतं. माझ्या जिभेला हाड नाही. मी चारजणींसमोर म्हणाले, “वहिनी, आता तू रोज लोखंड खाणार. त्या मशीनजवळून जाऊ नकोस गं बाई, वाजेल!” सगळ्या खिदळल्या. वहिनी हसली नाही. मला ते तेव्हा दिसलंच नाही.

पुढे रोज डबा खाऊन झाला की मी पाकिटातली गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायची. “पाणी खोलीत आहे,” म्हणून ती मुठीत गोळी घेऊन सुईखोलीत जायची. मी निश्चिंत.

सहाव्या महिन्यात सिस्टरने पुन्हा रक्त तपासलं. साडेसहा. “गोळ्या घेते ना?”

“माझ्या हाताने देते, सिस्टर.”

“मग वाढत का नाही?”

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या डोक्यात तेच. आतून कुठे वाहतंय का? कसलं मोठं दुखणं आहे का? झोपलेल्या वहिनीचा श्वास चालू आहे ना, हे मी वाकून वाकून बघायची. चौथ्या दिवशी ती जिन्यावर कोसळली. हॉस्पिटलात तिला रक्ताची पिशवी लावली आणि ठेवून घेतलं. दादाला यायला दोन दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला तासाभरासाठी सुईखोलीत बसवलं. एक शिवणारी मोडकी सुई घेऊन आली. तुकडे डकवायला मी वही उघडली, कोरं पान शोधत मागे गेले, आणि थिजले. चिकटपट्टीखाली लाल गोळ्या होत्या. ओळीने, एकेक. प्रत्येकीपुढे तारीख आणि तिच्या वळणदार अक्षरात ‘पूर्ण’.

एक्केचाळीस होत्या. तिला त्या फेकता आल्या नव्हत्या. तिच्या हातून काही फेकलं जातच नाही, आणि वहीत खोटं लिहिलंही जात नाही.

वही तशीच काखेत मारून मी हॉस्पिटलात गेले. पान तिच्यापुढे उघडून धरलं. भांडायचं ठरवून गेले होते, पण नुसतं पहिल्या तारखेवर बोट ठेवलं.

“पहिल्या तीन मी घेतल्या, वन्सं,” ती हळूच म्हणाली. “चौथ्या दिवशी शौचाला काळं झालं. अगदी लोखंडाच्या किसासारखं. मला वाटलं, बाहेर एवढं येतंय तर आत किती असेल? आणि आत बाळ आहे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांच्या कपड्यातून लोखंड काढते. माझ्याच बाळात भरू?”

“अगं, कुणी सांगितलं तुला हे?”

“तुम्हीच नाही का म्हणालात, मशीन वाजेल म्हणून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारखान्याच्या सिस्टरने हॉस्पिटलात येऊन तिला नीट समजावलं. काळं होतं ते गोळीतलं उरलेलं लोह, सगळ्यांनाच होतं, घाबरायचं नाही. हे सुईचं लोखंड नव्हे, हे विरघळतं आणि त्याचं रक्त बनतं, बाळालाही त्यातूनच मिळतं. वहिनी मान हलवत होती. साहेबांचं भाषण ऐकताना हलवते, अगदी तशी.

ती कामावर परतली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिचा हात धरून तिला सुईमशीनपाशी नेलं. पट्ट्यावर एक गोळी ठेवली. गोळी या टोकाकडून त्या टोकाला गेली, मशीन गप्प. मग सुईचा एक तुकडा ठेवला. मशीन असं किंचाळलं की पॅकिंगवाल्या धावत आल्या. “बघ! बघितलंस?”

वहिनीने आधी सुईचा तुकडा उचलून मुठीत घेतला. “मशीन कपड्यांचं आहे, वन्सं. त्याला पोटातलं काय कळणार?”

तिथेच माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर मी ढसाढसा रडले. “मला भीती वाटते गं. तो बाक आठवतो. तू गेलीस तर मी दादाला काय सांगू? मला पुन्हा त्या बाकावर नको बसवूस.”

तिने पट्ट्यावरची गोळी उचलली, पदराने पुसली आणि माझ्यादेखत पाण्याबरोबर गिळली. त्या दिवसापासून रोज माझ्यासमोर घ्यायची. डोळे मिटून, एक हात पोटावर ठेवून. घेतल्यावर थोडा वेळ तशीच बसून राहायची. मला वाटायचं, ती बाळाशी बोलत असेल.

खडू हळूहळू सुटला. आठव्या महिन्यात नऊ झालं, नववा लागला तेव्हा दहा. मग कळा सुरू झाल्या आणि आम्ही त्याच हॉस्पिटलात गेलो. आणि बाक तोच. भिंतीचा रंग तेवढा बदलला होता. मी बसले नाही. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत उभी होते. दादा समोरच्या भिंतीला टेकून उभा होता आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मध्ये एकदा दार उघडलं, एक बाई चादरी घेऊन गेली. लाल. मी दादाचा शर्ट मुठीत धरला.

मग आतली नर्स बाहेर आली. “मुलगा. दोघंही ठीक आहेत. रक्त बरंच गेलं हो. दहा होतं म्हणून निभावलं. सातावर असती तर...” दादा मटकन खाली बसला.

मी आत गेले. वहिनी पांढरीफटक पडली होती, पण डोळे उघडे होते. बाळ शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं. मला वाटलं, बाळ कुणासारखं दिसतं ते विचारेल. तिने माझं मनगट धरलं.

“वन्सं, त्याला कुठे टोचलेलं नाही ना? नीट बघा हो.”

तेव्हा मला कळलं. तिला काहीही पटलं नव्हतं. सिस्टरचं नाही, मशीनचंही नाही. डोळे मिटून बसायची तेव्हा ती बाळाशी बोलत नव्हती, लोखंड टोचून ते कळवळतंय का याची वाट बघत असायची. जवळजवळ चार महिने तिने रोज भीत भीत गोळी गिळली होती. मी रडले म्हणून.

मी दुपटं सोडलं. कारखान्यात झबलं तपासतो तसं त्याला खिडकीच्या उजेडाला धरलं. मानेची घडी, काखा, कोपरं, मुठी उघडून दहा बोटं, पाठ, मांड्या, टाचा. ते गळा काढून रडत होतं आणि वहिनीची नजर माझ्या बोटांवर खिळली होती. मी कुठलीच घाई केली नाही.

“पूर्ण आहे, वहिनी,” मी म्हणाले. “कुठेही टोचलेलं नाही.”

तिने माझं मनगट सोडलं आणि तिला झोप लागली.