तीन मशीनं आणि अक्कांचा शब्दकोश

जळगावात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता. तिथे मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पगार बेताचा, पण करमणूक भरपूर, आणि ती बहुतेक वेळा मीच करायचो. मालक भाऊ फोनवर गिऱ्हाइकाला "उद्या नक्की" म्हणताना मान कशी फिरवतात, टायपिंगवाले नाना चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलभर कसा शोधतात, मॉडेम लाइन लागायच्या आधी कसा किंचाळतो, सगळं मला यायचं.

छापखान्यात कॉम्प्युटरची तीन मशीनं होती. बिलांचं जुनं डॉसवर चालायचं, नानांचं टायपिंगचं विंडोजवर, आणि आतल्या खोलीतला सर्व्हर युनिक्सवर. त्याचा काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस वगैरे लाड नाहीत. धुळ्याकडची अहिराणी म्हातारी, रावेरकडचा केळीवाला आणि कलेक्टर कचेरीतला साहेब एका बाकड्यावर बसवावेत, तशी ही मंडळी. कोणाचं कोणाला कळायचं नाही.

त्यांच्यात बोलणं लावून दिलं ताईंनी. ताई धुळ्याच्या, इंजिनिअर. धुळे, चाळीसगाव, जळगाव अशी त्यांची गिऱ्हाइकं होती. खांद्याला पिशवी, पिशवीत वायर कापायची पक्कड, पेचकस आणि शेवेचा पुडा. ओढणी कमरेला बांधून टेबलाखाली शिरल्या, की भाऊंसारखा माणूससुद्धा आवाज खाली आणायचा. त्यांनी अशी सोय केली होती की रोज संध्याकाळी सर्व्हरने नानांच्या मशीनला विचारायचं, "कालपासून नवीन काय?" आणि नवीन असेल तेवढं आपल्याकडे ओढून घ्यायचं. हा आमचा बॅकअप. पडद्यावर 'पूर्ण' असं आलं की मी घरी.

नानांच्या मशीनमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे अक्कांचा शब्दकोश. अक्का अमळनेरच्या, रिटायर शाळा मास्तरीण. एसटीने गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून अहिराणी शब्द गोळा करायच्या, आणि दर आठवड्याला येऊन नानांना अर्थासकट तोंडी सांगायच्या. कागद नाही, काही नाही. "कागदावर लिखू तर मरेल अक्षर दिसतस," म्हणायच्या, म्हणजे कागदावर अक्षरं मेलेली दिसतात. सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जण तोवर वर गेले होते. म्हणजे ते शब्द आता त्या मशीनमध्ये होते, आणि थोडेफार अक्कांच्या डोक्यात.

एके दिवशी सकाळी नानांनी मशीन चालू केलं आणि आतून आवाज आला. कट्, कट्, घूंऽऽ, कट्.

"पंख्यात पाल गेली वाटतं," नाना म्हणाले.

मला काही ते बरं वाटलं नाही. ताई त्या दिवशी चाळीसगावला एका गिऱ्हाइकाकडे होत्या. मी तिथे फोन लावला.

"आवाज कसा येतोय?"

मी तोंडाने काढून दाखवला. कट्, कट्, घूंऽऽ, कट्.

"शेवटचा कट् जोरात, की सारखाच?"

"जोरात."

"नकल्या, नीट ऐक. डिस्क मरतेय. मशीन बंद करायचं नाही. बंद केलं तर परत उठणार नाही. आणि सर्व्हरवर बघ, अक्कांचा कोश कुठपर्यंत आलाय."

मी सर्व्हरवर फाइल उघडली. मराठी तिथे उमटायचं नाही, पण दर अक्षराच्या आधी नाना इंग्रजीत खूण टाकायचे; त्यावरून कळलं, कोश 'च'पाशी संपत होता. आणि अक्का तर 'म'पर्यंत आल्या होत्या! मधलं सगळं, 'जव्हय' नाही, 'दादला' नाही, 'धाकला' नाही.

"बॅकअप हाताने चालव," ताई म्हणाल्या. चालवला. लगेच आलं 'पूर्ण'. परत बघतो तर 'च'च. परत चालवला. पूर्ण. 'च'.

"मी गाडी पकडते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता मशीन चालू ठेवायचं, एवढंच माझ्या हातात होतं. पण भाऊ आले. त्यांनी आवाज ऐकला आणि बटणाकडे बोट नेलं. "अरे, आमच्या घरचा पंखा पण असाच करतो. बंद करून परत लावला की बरा होतो."

मी सांगून ऐकणार नव्हते. म्हणून मी कमरेवर हात ठेवला आणि ताईंच्या आवाजात म्हणालो, "भाऊ! हात लावायचा नाही!"

भाऊंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हरामखोरा," म्हणाले, पण बटण सोडलं.

तेवढ्यात अक्का आल्या. त्यांचा येण्याचा वारच होता. माझं तोंड बघून पिशवी खाली ठेवली.

"काय व्हयनं रे? माले खरं सांग."

मी सांगितलं. त्या नानांच्या खुर्चीवर बसल्या, त्या खोक्याकडे बघत राहिल्या. "आते जित्तं शे ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. घोटभर चहा दिला, तो तसाच गार झाला.

ताई दुपारी पोचल्या. आधी टेबल फॅन ओढून मशीनच्या तोंडाशी लावला. मग वायर हलवून बघितली. ठीक. पासवर्ड बघितला. ठीक. सर्व्हरवरून नानांच्या मशीनला हाक मारली, ते 'ओ' देत होतं. मग नानांच्या मशीनमधल्या फाइलींची यादी बघायला लागल्या आणि थांबल्या.

"आज काय तारीख आहे?"

"दसऱ्याचा आठवडा चाललाय ताई," मी म्हणालो.

"मग या मशीनमध्ये फेब्रुवारी का आहे?"

सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ते मी करतो ना रोज. अगरबत्ती लावली की आधी तारीख मागे घेतो. नवीन मराठी फॉन्ट फुकटातला, महिनाभर वापरून बघायचा आहे, मुदत संपली की अक्षरं उमटत नाहीत. तारीख मागे घेतली की चालतं. अख्खं मार्केट असंच करतं, ताई."

मला वाटलं आता स्फोट होणार. ताई हसायला लागल्या. बसल्या बसल्या, डोळे पुसत.

"नाना, सर्व्हर रोज विचारतो, कालपासून नवीन काय? आणि तुमचं मशीन म्हणतं, बाबा, माझ्याकडे अजून फेब्रुवारी आहे, नवीन कुठून असणार? दोघंही प्रामाणिक. आणि आपण 'पूर्ण' बघून घरी." मग जरा गंभीर झाल्या. "बॅकअप उघडून कोणी बघितला नाही. मीही नाही. ती माझी चूक."

इंजिनिअर माणूस असं सगळ्यांसमोर म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्याकडे चूक नेहमी लाइटवाल्यांची असते.

मग त्यांनी सर्व्हरला नवीन हुकूम दिला. तारीख विचारूच नकोस, असेल ते सगळं घे, आणि पहिला अक्कांचा कोश. फाइल सरकायला लागली. कट्, कट्. थांबली. ताईंनी हात वर केला. घूंऽऽ. परत सरकली. मधेच डिस्क अडली, की ताई तेवढा तुकडा परत मागायच्या. चिडायच्या नाहीत. हट्टी पोराला घास भरवतात तसं चाललं होतं. "ये, ये, अजून एक," असं पुटपुटायच्यासुद्धा. त्या मशीनशी बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. भाऊ शेवटी देव्हाऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

झालं. पण ताई उठल्या नाहीत. "पूर्ण म्हणतंय, म्हणून पूर्ण नाही," म्हणाल्या. सर्व्हरवरची फाइल तिसऱ्याच मशीनवर, म्हणजे बिलांच्या डॉसवाल्यावर उतरवली. तिथे मराठी फॉन्ट कुठला, नुसती भुतासारखी चिन्हं. पण फाइलीचं माप दोन्हीकडे सारखं आलं. तेवढ्यावरही त्यांचं समाधान होईना. पिशवीतून स्वतःची जुनी हार्ड डिस्क काढली, नानांचं मशीन बंद केलं, मरती डिस्क काढून आपली बसवली. मरती डिस्क नंतर सहज लावून बघितली, तर तिने आवाजसुद्धा केला नाही. बसवलेल्या डिस्कवर विंडोज आणि फॉन्ट चढवेपर्यंत दिवे लागले. भाऊंनी फॉन्ट विकत घ्यायचं कबूल केलं होतं, ताईंनी फक्त त्यांच्याकडे बघितलं म्हणून.

सर्व्हरवरचा कोश त्यावर उतरवून उघडला. पडद्यावर 'म' आला.

"अक्का, शेवटचा शब्द वाचू का?" मी विचारलं.

"मधला वाच. शेवटलं कोन्ही बी वाचस."

मी मधलाच एक काढला. 'धाकला', आणि पुढे अर्थ वाचून दाखवला.

अक्कांनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला, पडद्याजवळ वाकल्या. बराच वेळ बघितलं.

"नाना," म्हणाल्या, "हाऊ अर्थ अर्धाच शे. लिखा आते."

नाना बसले, आणि लिहायला लागले. ताई शेवेचा पुडा फोडत होत्या.