आत्याचा अर्ज

सगळं गाव जिला आत्या म्हणे, तिला हळू बोलता येत नसे. आमच्या तासगावकडच्या गावात बाईच्या दुखण्याविषयी बोलायचं झालं तर लोक भुवयांनी, फार तर 'तिथं' एवढ्या शब्दानं भागवत. आत्या सुईण होती. चाळीस वर्षं तिनं गावाची बाळंतपणं केली होती, आणि शरीराच्या प्रत्येक भागाला जे नाव आहे तेच ती घेई, तेही रस्त्याच्या पलीकडून. एकदा शाळेत आरोग्य शिबिर झालं. डॉक्टर 'नाजूक भागाची स्वच्छता' असं चारदा म्हणाले. पाचव्यांदा आत्या मागून म्हणाली, "नाव घ्या की डॉक्टर, बायकास्नी वाटंल कानाचं सांगताय." मुख्याध्यापकांनी घाईघाईनं आभार मानून टाकले.

अडलेल्या बाईलाही ती हेच सांगे. "कुठं दुकतंय ते बोल. तू लाजलीस तर मी हात कुठं लावू?" नव्या सुना आधी रडत आणि मग धडाधडा बोलू लागत. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे. तिच्या भाषेला मी स्टाफरूममध्ये 'रांगडी' म्हणे आणि सगळे हसत.

तिच्या हातावर जन्मलेल्यांत दूध सोसायटीचे चेअरमनही होते. गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत त्यांचं नाव नवरानवरीपेक्षा मोठ्या टायपात असे. वर्षातून दोनदा त्यांचा सत्कार होई. संयोजकही तेच असत.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. बेदाण्याचा हंगाम होता, सगळं गाव द्राक्षं वाळवायच्या शेडवर. भर दुपारी चेअरमन आत्याच्या घरात शिरले आणि आतून कडी लावली. आत्या तेव्हा सदुसष्ट वर्षांची, एकटी राहणारी. त्यांनी तिच्यावर बलात्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आत्यानं नेहमीच्याच आवाजात सांगितलं. कुणी केलं, काय केलं, सगळं. बायका अर्धे हंडे उचलून निघून गेल्या. पुरुषांना हसू फुटलं. म्हातारीला भ्रम झालाय, या वयात तिच्याकडं कोण बघतंय, असं चहाच्या गाड्यावर ठरलं. जणू हा गुन्हा म्हणजे सौंदर्यस्पर्धेचं बक्षीस.

मग ज्येष्ठ मंडळी बसली. बाईचं प्रकरण मिटवायची आमच्याकडची रीत अशी, की पुरुषानं तिला साडीचोळी करायची आणि चारचौघांत बहीण नाहीतर आई म्हणायचं. चेअरमननी नवंकोरं इरकली लुगडं आणलं आणि 'आई' म्हणत वाकलेसुद्धा. मंडळींचे डोळे पाणावले. आत्यानं पाय मागं घेतले. "परवा फेडलंस, आन् आज नेसवतुयास व्हय रं?"

तिथून ती थेट माझ्याकडं आली. "मास्तर, पोलिसात द्यायचाय कागूद. मी सांगीन तसंच ल्ह्या." तिनं सांगितलं. काही गाळलं नाही. मी सगळं ऐकलं आणि माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'सदर इसमाने माझ्याशी असभ्य वर्तन केले.' मला वाटलं, मी तिची अब्रू राखतोय. आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं विश्वासानं अंगठा उठवला.

ठाण्यातल्या हवालदाराला माझा अर्ज फार आवडला असणार. त्यानं तिला एक शब्दही न विचारता तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली आणि एक चिठ्ठी दिली. तपासणीला पाठवण्याचा प्रश्नच आला नाही. आत्या पंधरा दिवस पोलिसांच्या जीपची वाट बघत दारात बसून होती. शेवटी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला ती चिठ्ठी वाचून दाखवली. तिच्यात 'असभ्य वर्तन' एवढंच होतं.

माझ्याकडं ती आली नाही. एकटी सांगलीला गेली, मोठ्या साहेबाच्या कचेरीच्या दारात उभी राहिली आणि आत कुणीतरी लिहून घेईपर्यंत सांगत राहिली. खटला उभा राहिला. पुरावा मात्र तोवर उरला नव्हता.

तीन वर्षांनी सांगलीच्या कोर्टात मला साक्षीला बोलावलं. चेअरमनच्या वकिलांनी माझा अर्ज हातात धरला आणि आधी अक्षराचं कौतुक केलं.

"आपण मराठीचे शिक्षक. शब्दांचा अर्थ आपल्याला कळतो ना?"

मी हो म्हणालो.

"मग बाईंनी बलात्कार सांगितला असता तर आपण असभ्य वर्तन कशाला लिहिलं असतं?"

तिनं सांगितलं होतं, मीच तसं लिहिलं नाही, असं मी म्हणालो. मी पहिल्यांदाच स्पष्ट बोललो होतो, तेही तीन वर्षं उशिरा. आरोप मागाहून रचलेला असू शकतो, असं म्हणून कोर्टानं चेअरमनना निर्दोष सोडलं. गावात गुलाल उधळला गेला. स्वागत कमानीवरचं शुद्धलेखन तपासायला माणूस माझ्याकडंच आला होता. मी त्याला हाकलून दिलं, पण तेवढ्यानं काय होतं.

महिन्याभरात आत्या घर बंद करून लेकीकडं वडूजला निघाली. मी स्टँडवर गेलो. गाडी लागली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, ल्हिताना तुमास्नी लाज कुणाची वाटली? माझी का त्येची?"

मला खोटं बोलता आलं नाही. "शब्दाची," मी म्हणालो.

"मग ऱ्हावा त्या शब्दासंगं," आत्या म्हणाली आणि गाडीत चढली.