कुत्र्यासाठी लावलेल्या पाकळ्या

आमचा कुत्रा गेला, त्याला आता महिना होत आला. वाटेत कोणी भेटले की विचारतात, “कॅन्सरानच गेलो मां?” मी म्हणतो, नाही, म्हातारपणाने गेला. ते मान डोलावतात, पण त्यांना ते पटलेले नसते. एकदा एखाद्याच्या नावापुढे कॅन्सर लागला की लोक मनातल्या मनात त्याची तिरडी बांधून मोकळे होतात, आणि मधली वर्षे त्यांच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. ती मधली वर्षे आम्हाला मिळाली कशी, तेवढे मला सावकाश लिहून ठेवायचे आहे.

आमचे घर गोव्यात, इब्रामपूरला. घरात मी आणि आका, माझी थोरली बहीण. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली. मी लग्न केले नाही. मी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायचो आणि उरलेला वेळ वाचायचो. कुत्रा आकाला काजूच्या बागेत सापडला, पालापाचोळ्यात, डोळे नुकते उघडलेले. ती त्याला झील म्हणायची, म्हणजे मुलगा. मी त्याला काहीच म्हणत नसे, पण खुर्चीखाली तो नसला तर माझे पुस्तकात लक्ष लागत नसे.

तो सात-आठ वर्षांचा असताना एके सकाळी पाव घेऊन सायकलवरून येणारा पोदेर फाटकाशी थांबून म्हणाला, “मास्तर, सुणो तुमचो आज धांवलो ना मरे.” रोज भोंगा वाजला की कुत्रा वळणापर्यंत धावत जाऊन त्याला घेऊन यायचा. त्या दिवशी तो पायरीवरच उभा राहिला. उजवा पुढचा पाय त्याने जमिनीला टेकवलेला नव्हता.

पाय मुरगळला असेल, असे आम्ही धरून चाललो. आकाने तेल चोळले, आंबेहळद लावली. काही दिवसांनी मनगटाच्या वर हाताला एक फुगीर भाग लागला, दगडासारखा कठीण. आकाने चोळणे थांबवले. “ही सूज न्हय, बाबू,” ती म्हणाली.

म्हापशाला जनावरांची एक डॉक्टर होती. आमच्या शाळेतल्या मुलींहून फार मोठी वाटू नये, अशी. तिने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि हाड कुरतडल्यासारखे दिसत होते तिथे पेनाचे टोक टेकवले. “हा कॅन्सर आहे, सर,” ती म्हणाली. “कुठल्या जातीचा, ते गाठ तपासल्यावर कळेल. छाती मात्र स्वच्छ दिसतेय.”

मग तिने काय काय करता येईल ते सांगितले. पाय खांद्यापासून काढायचा, गाठ तपासायला पाठवायची आणि अहवाल वाईट आला तर पुढे इंजेक्शने द्यायची. किंवा पाय ठेवायचा आणि दुखणे कमी होईल अशा गोळ्या द्यायच्या. मग ते हाड एक दिवस आपोआप मोडेल. तिसरा मार्ग तिने आवाज उतरवून सांगितला. तो मी इथे लिहीत नाही.

“तुम्ही काय कराल?” मी विचारले.

“माझा असता तर पाय काढला असता. पण माझा नाही ना.”

घरी आलो. मला वाचायची सवय, म्हणून मी वाचायला घेतले. मिळेल ते वाचले. प्रत्येक पुस्तकात कुठला तरी कुत्रा बचावत होता आणि कुठला तरी मरत होता, आणि आमचा कुत्रा त्यातला कुठला, हे कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्या पायांवर कुत्र्याच्या अंगाचा जास्त भार असतो, हेही मी वाचले. ते वाचले नसते तर बरे झाले असते.

आकाला वाचावे लागले नाही. “देवाक तीन पायांचो करूचो असतो तर केल्यान नसतो?” एवढे बोलून ती चुलीकडे वळली. शेजारी कुंपणावरून म्हणाले, “हंय माणसांक डॉक्टर गावत नाय, आणि मास्तर कुत्र्याक म्हापशाक व्हरतत!” यात थोडी टिंगल होती, पण संध्याकाळी त्यांनीच मासळीची वाटीभर आमटी कुत्र्यासाठी पाठवून दिली. कुत्र्याने ती हुंगली आणि तोंड फिरवले. पूर्वी शेजाऱ्यांची वाटी तो चाटून पार कुंपणापर्यंत ढकलत न्यायचा.

आठवडा तसाच गेला. गोळ्यांनी त्याला झोप यायची, पण कूस बदलताना तो कण्हायचा. डॉक्टरचा फोन आला, “सर, ठरलं का?” मी म्हटले, उद्या सांगतो. असे मी दोनदा सांगितले.

तेव्हा आका म्हणाली, “देवीक विचारूया. उजवी दिली तर काप. डावी दिली तर माझ्या झिलाक हात लावू नको.”

आमच्याकडे मोठ्या गोष्टी अशा देवीला विचारतात. पुजारी भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि कुठली पाकळी आधी खाली पडते ते सगळे जण टक लावून बघतात. लग्न, विहीर, जमिनीची वाटणी, सगळे असे ठरते. माझा त्यावर विश्वास नव्हता. तरी मी हो म्हटले, कारण दुसऱ्या कोणी ठरवून दिले तर मला हवेच होते.

सकाळी देवळात गेलो, तेव्हा आमच्याआधी आलेले दोघे तिथे बसले होते. आमच्याच वाड्यावरची एक बाई, बोअरवेल कुठे मारायची ते विचारायला आलेली, आणि एक म्हातारे गृहस्थ, पुतण्याच्या नोकरीसाठी. आजाऱ्याचे काम आहे, असे आका म्हणाली, तेव्हा त्यांनी आम्हाला पुढे जाऊ दिले.

“कोणासाठी?” पुजाऱ्याने विचारले.

आकाने माझ्याकडे बघितले नाही. “घरातल्या लहानासाठी. पाय कापूचो की नाय, इतक्यांच.”

कुत्र्यासाठी विचारायचे म्हटले तर पुजारी नाही म्हणेल, ही तिला भीती. हे तिने मला वाटेत सांगितले असते तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

पुजाऱ्याने पिटकोळीच्या फुलांच्या तांबड्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाण्याला सूर धरला. “आई माउली, तुझ्या ह्या लेकरांच्या घरात लहानग्या जिवाक हाडाचो आजार झालो हा... होय म्हाराजा?”

“होय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. मीसुद्धा.

“पाय कापून जीव ऱ्हवता तर उजवी दी, नायतर डावी दी... होय म्हाराजा?”

“होय म्हा...” म्हणता म्हणता ती बाई थांबली. “अगे बाये! लहान कोण गो तुमच्याकडे?”

आकाने पदर सारखा केला.

“मास्तरांचां लगीन खंय झालां हा?” बाई म्हणाली.

“लगीन नाय झालां म्हणान काय झालां?” म्हातारबुवा म्हणाले. “शिकलेली माणसां. तेंचां काय सांगूचां नाय.”

मी मागे वळलो. माझे कान तापले होते. “कुत्रा!” मी म्हणालो. “आमचा कुत्रा आजारी आहे!”

“कुत्रो?” पुजारीही गाऱ्हाणे सोडून माझ्याकडे वळला.

आणि आम्ही पुन्हा देवीकडे बघितले तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या.

मग सगळे एकदम बोलायला लागले. तोच प्रश्न त्याच दिवशी दुसऱ्यांदा विचारायचा नसतो. “देवीन सांगल्यान,” पुजारी वैतागून म्हणाला. “ऐकूक कोण ताळ्यार नव्हतां.”

“डावी,” म्हातारबुवा ठामपणे म्हणाले. “डावीच आदी पडली. मिया बघलंय.”

“तुमी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतात,” बाई म्हणाली.

“डावी!”

“उजवी पडली,” मी म्हणालो. माझा आवाज देवळात घुमला. वर्गातही मी कधी इतक्या मोठ्याने बोललो नसेन. “उजवीच पडली. मी पाहिली.”

पुजारी माझ्याकडे बघत राहिला. “मास्तर, देवीकडे तुमची पाठ होती.”

“तरी उजवीच.”

म्हाताऱ्यांनी ‘डावी’ म्हटले आणि मला ते ऐकवेना. त्याआधी आठवडाभर मी दोन्ही बाजू तोलत होतो, आणि दोन्ही सारख्याच वाटत होत्या. त्या एका शब्दाने कळले की त्या सारख्या नव्हत्या. मला तो जगायला हवा होता, तीन पायांवर तर तीन पायांवर.

पुजाऱ्याने वाकून दोन्ही पाकळ्या उचलल्या आणि आकाच्या ओंजळीत ठेवल्या. “घेवन जावा. मास्तर म्हणतत तर उजवी.” मग बाईकडे वळून तो म्हणाला, “आणि तुजां? बोअरवेल तरी माणसांसाठी मां?”

परतताना आकाने पाकळ्या पदरात बांधल्या. मळ्याच्या बांधावर आल्यावर म्हणाली, “बाबू, तू बघलंस?”

“नाही.”

ती पुढे चालत राहिली. मला वाटले, आता रागावेल. देवीसमोर खोटे बोललो होतो. “मगे तुजां ठरलां तर,” ती म्हणाली. “फोन कर त्या डॉक्टराक. तुजां ठरना नाय म्हणान माजां अडलां होतां.”

त्याच दुपारी फोन केला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून होतो. मी पुस्तक नेले होते, ते उघडले नाही. त्याला बाहेर आणले तेव्हा खांद्याकडचे केस भादरलेले, टाक्यांची लांबलचक रेघ, आणि पाय होता तिथे काहीच नाही. आकाने पदर तोंडाला लावला. कुत्र्याने डोळे अर्धे उघडले आणि तिच्या पदराला कसला वास येतोय ते हुंगले. मासळीचा येत असणार.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस तो उठला नाही. तिसऱ्या सकाळी उठला, नाकावर पडला, पुन्हा उठला. मी धावलो, तर आका म्हणाली, “ऱ्हव. बघूया.” तो एकेक उडी मारत अंगणाच्या कडेपर्यंत गेला, काम उरकले आणि परत आला. तो कण्हला नाही. कितीतरी दिवसांनी त्याच्या हालचालीत दुखणे नव्हते. दुखणारा पाय गेला होता, आणि त्याला तेवढेच ठाऊक होते. चार पाय असायला हवेत, ही आमची समजूत; तिच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते.

पण अहवाल यायचा होता. तो वाईट आला तर इंजेक्शने, आणि त्यांचा निर्णय पुन्हा आमच्याकडेच. फोन आला तेव्हा मी शाळेत होतो, पेपर तपासत. डॉक्टर नेहमीपेक्षा भरभर बोलत होती. गाठ हाडाची नव्हती, कूर्चेची होती. ती हळू वाढते. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. “इंजेक्शनं नकोत, सर. अधूनमधून छातीचा एक्स-रे काढत जाऊ. बाकी काही नाही.”

“काही नाही?” मी विचारले.

“काही नाही.”

मी फोन पेपरांवर ठेवला. बाजूचे सर म्हणाले, “काय, कोण पास झालो?” मी हसलो असेन, कारण तेही हसले.

आका परसात नीरफणस चिरत होती. मी सांगितले. तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “मगे आदी सांगूक काय झालां होतां त्या डॉक्टराक?” आणि आत जाऊन तिने दुपारसाठी ठेवलेले बांगडे भाजले. आमच्या ताटात त्या दिवशी नुसती सोलकढी आणि भात होता. मी तक्रार केली नाही.

त्यानंतर तो वर्षानुवर्षे जगला. जाडही झाला. दर पावसाळ्याआधी आम्ही त्याला म्हापशाला न्यायचो, डॉक्टर एक्स-रे उजेडात धरायची आणि मी तिच्या पेनाच्या टोकाकडे बघत राहायचो. दर वेळी ती मान हलवून म्हणायची, “जा घरी.” हळूहळू त्याचे तोंड पांढरे झाले, कानही गेले. शेवटच्या वर्षात तो बहुतेक वेळ झोपूनच असायचा.

गेला तो एका दुपारी, ओसरीवर. जेवण वाढले, तरी तो आला नाही. आका बघायला गेली आणि मला हाक न मारता तिथेच बसून राहिली.

आम्ही त्याला काजूच्या बागेत पुरले. खणायचे काम मीच केले. जमीन कडक होती, वेळ लागला. माती ओढून झाल्यावर आका म्हणाली, “ह्या खेपेक आमका कोणी कायएक विचारूक नाय.”

“नाही,” मी म्हणालो.

“झिलान बरां केल्यान,” ती म्हणाली, आणि हात झटकून घराकडे चालू लागली.