नमुन्याच्या घरातले पाहुणे

लकव्यातून उठल्यावर माझ्या बाबांनी पहिल्यांदा पाहुण्यांना "बसा" म्हटलं ते ज्या घरात, ते घर कुणाचंच नव्हतं.

हे वाक्य मी बऱ्याचदा खोडून पुन्हा लिहिलं, तरी ते विचित्रच वाटतं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाबा काचीगुड्यात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून आहेत. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय रुसून बसले, बोलणं सावकाश झालं. औषधं आणि व्यायाम करून ते काठी घेऊन चालायला लागले, पण घराबाहेर काही पडेनात. दवाखान्यात जायचं तेवढं ऑटोत अगदी आतल्या कोपऱ्यात बसून, तोंडाला रुमाल बांधून. ओळखीच्या माणसांनी आपल्याला असं बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. गल्लीतले लोक भेटायला यायचे, त्यांना आई दारातूनच परत पाठवायची. (पण चहा न देता परत पाठवणं तिला जमत नाही. त्यामुळे आमच्या दारात उभ्याने बशीतून चहा पिणारी माणसं नेहमी दिसायची. लांबून आमचं घर हॉटेलच वाटत असावं!)

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे घरातला प्रत्येक अवघड प्रश्न माझ्याकडे येतो, आणि मला उत्तर येत नाही हे सांगायचं धाडस मला होत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की यांना बाहेर काढा, नाहीतर हे मनाने खचतील. तेव्हा आईने मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मी खूप विचार केला. देवळात नको, तिथे सगळी गल्ली असते. बागेत नको, तिथे शेजारचे शिंदेकाका फिरतात. शेवटी पेपरात घरसजावटीच्या प्रदर्शनाची जाहिरात दिसली. शहराचं पार दुसरं टोक, एसी हॉल, सपाट फरशी, जागोजागी बसायला सोफे. आणि आमच्या गल्लीत सगळेच दोन खोल्यांचे भाडेकरू! झुंबर विकत घ्यायला तिथे येणार कोण? एवढा पक्का विचार मी परीक्षेतसुद्धा कधी केला नव्हता. ओळखीचं कुणी दिसलं तर तिथूनच परत फिरायचं, या अटीवर बाबा तयार झाले.

सुरुवात फार छान झाली. बाबांनी रुमाल काढून खिशात ठेवला. एका कपाटाचं दार नुसतं ढकललं की आपोआप हळू मिटायचं. ते त्यांनी इतक्या वेळा उघडून बंद केलं की मागे रांग लागली. आईने भिंतीला लावायचा कागद नखाने खरवडून खात्री करून घेतली. मला वाटलं, आपण हुशार आहोत.

हॉलच्या मधोमध त्यांनी एक नमुन्याचं घर उभं केलं होतं. खरं दार, दारावर तोरण, आत बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली. छत तेवढं नव्हतं. आईने उंबरठ्याबाहेर चपला काढल्या.

मी हळूच सांगितलं, "आई, हे खरं घर नाही."

"उंबरठा खरा आहे ना?" आई म्हणाली आणि बाबांचेही बूट काढायला बसली. मीही काढले. मी एकटीच बूट घालून आत गेले असते तर बरं दिसलं नसतं.

झोपायच्या खोलीत विजेवर चालणारा पलंग होता. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर, दुसरं दाबलं की पायाकडची. तिथला विक्रेता बाबांची काठी बघून म्हणाला, "अंकल, लेट के तो देखो. पैसे नक्को, खाली लेटो." बाबा आडवे झाले. डोक्याकडची बाजू जराशी वर करून, रिमोट उशाशी ठेवून विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. एसी गार होता, गादी मऊ होती. बाबांनी डोळे मिटले. आईने सवयीने त्यांच्या अंगावर चादर ओढली. (चादरीला किमतीची चिठ्ठी होती. ती तिने आत खोचली.)

इथून सगळं बिघडलं.

आमच्या चपला बघून मागच्या लोकांनीही चपला काढल्या. त्या बघून त्यांच्या मागच्यांनी. थोड्याच वेळात दाराशी ढीग झाला. आता दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पलंगावर चादर ओढलेला माणूस आणि उशाशी डोक्यावर पदर घेतलेली बाई! लोक आत येताना आवाज खाली करायला लागले. एका बाईंनी मला हळूच विचारलं, काय झालंय? मी खरं तेच सांगितलं की लकवा. "पलंगाचा नमुना बघतोय" असं म्हणायचं मला सुचायला हवं होतं. पण प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, ही कॉलेजातल्या तोंडी परीक्षेची सवय.

बाईंनी बाबांना हात जोडले. मग सगळेच जोडायला लागले. एका आजोबांनी मला लसूण आणि मधाचा उपाय समजावून सांगितला. कुणीतरी बाबांच्या उशाशी एक सफरचंद ठेवलं. (ते बाहेरच्या जेवणाच्या टेबलावरचं, प्लास्टिकचं होतं. पण भावना खरी होती.)

आणि तेवढ्यात माझ्या मागे ओळखीचा आवाज आला, "अगं बाई, हे तर आपले भाऊजी!"

शिंदेकाकू. शेजारी शिंदेकाका. त्यांच्या मुलाने नवीन फ्लॅट घेतला होता आणि ते कपाटं बघायला आले होते. माझे पाय गार पडले. (बूट नव्हते, हेही एक कारण असेल.) आता बाबा डोळे उघडणार, काकांना बघणार आणि पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत. मी पलंगासमोर हात पसरून उभी राहिले. पलंग सहा फुटांचा आणि मी जेमतेम पाच. मग मला वाटलं, पलंग सपाट केला तर बाबा कमी दिसतील. मी रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

चुकीचं!

घूं असा आवाज करत बाबा हळूहळू वर यायला लागले आणि शिंदेकाकांच्या तोंडासमोर येऊन थांबले. मी घाबरून दुसरं बटण दाबलं, बाबांचे पाय वर गेले. मग मी सगळीच दाबली. त्यात एक अंग रगडायचं होतं. पलंग थडथडायला लागला, आणि त्याच्याबरोबर बाबा.

"फिट आली," काका ओरडले आणि त्यांनी बाबांचे पाय धरले. काकू तळवे चोळायला लागल्या. लसूणवाल्या आजोबांनी कांदा मागितला. मला स्वयंपाकघरात कांदा दिसला नाही, मग कुणीतरी चपलेचा वास द्या म्हणालं. आता चपलांना तिथे काय तोटा! एका भल्या माणसाने ढिगातली हाताला लागेल ती चप्पल उचलून आणली आणि थेट बाबांच्या नाकाला लावली.

बाबांनी मान मागे घेतली. कितीतरी महिन्यांत आम्ही त्यांच्या तोंडून सलग वाक्य ऐकलं नव्हतं.

"अरे, पलंग हलतोय," ते म्हणाले, "मी नाही!"

काकूंनी तळवे सोडले. पलंग तेवढा थडथडत राहिला. मग बाबांचा चेहरा एका बाजूने हसायला लागला आणि ते हसता हसता पलंगासकट हलायला लागले. शिंदेकाका पाय न सोडताच हसत खाली बसले. बाबांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. उजव्या हाताने. व्यायामाच्या वेळी त्या हाताने ते साधा चेंडू दाबायला तयार नसायचे. त्यांनी अंगठा फिरवला, नीट बघितलं आणि बरोबर बटण दाबलं. पलंग थांबला.

मग शिंदेकाकांकडे बघून ते म्हणाले, "बसा."

"बसा" ऐकल्याबरोबर आई स्वयंपाकघरात गेली. तिने सगळे खण उघडले, कोरडा नळ पिळून बघितला. तेवढ्यात विक्रेता परत आला, तर त्याच्या घरात पंचवीसेक माणसं अनवाणी बसलेली. तो काही बोलायच्या आत आईने त्याला साखर कुठे ठेवलीय ते विचारलं. बिचारा बाहेरच्या स्टॉलवरून सगळ्यांना चहा घेऊन आला. बाबा पलंग हवा तसा वर-खाली करत काकांशी गप्पा मारत होते. संध्याकाळी त्यांना घरी न्यायचं म्हटलं तर उठायलाच तयार नव्हते.

पुढच्या रविवारी शिंदेकाका आणि काकू आमच्या घरी आले. दारात नाही, आत, बाबांच्या कॉटशेजारी बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा काका आवाज खाली करून बाबांना सांगत होते, "तुम्ही ठणठणीत आहात हो. पण पोरीकडे बघा जरा. त्या दिवशी पांढरीफटक पडली होती. काय दाबतेय तेही कळत नव्हतं तिला."

बाबांनी मला नीट न्याहाळलं.

"हौ," ते म्हणाले, "तिला... बाहेर काढायला पाहिजे."

आता रोज संध्याकाळी बाबा काठी घेऊन मला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणतात. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगतात, की पोरगी आधीपेक्षा बरी आहे, पण वेळ लागेल.