अहमदपूरच्या आत्याला मी शिकवलेली प्रार्थना

मुंबईहून रात्री गाडीत बसलं की सकाळी लातूर. तिथून एसटीनं दीड-दोन तासांत अहमदपूर. इतका सोपा प्रवास करायला मला दोन वर्षं लागली, हे आधीच सांगून टाकते.

या प्रवासाच्या दोन वर्षं आधी याच ब्लॉगवर मी मलिद्यावर लिहिलं होतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ, वेलची आणि वर फळं, असा आमचा मलिदा शुभकार्यात एलियाहू नबीची आठवण काढून केला जातो. लेखाखाली खूप जणांनी लिहिलं. त्यात एक प्रतिक्रिया होती: 'माझ्या सासूबाईपण असंच करतात. त्या मूळच्या तुमच्यातल्याच, रेवदंड्याच्या. नाव मिलका. आम्ही अहमदपूरला असतो. शोभा.'

मिलका ही माझ्या बाबांची सख्खी धाकटी बहीण. नर्स होती. सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली म्हणून बाविसाव्या वर्षी मराठवाड्यात गेली आणि तिथल्या एका लिंगायत दुकानदाराशी तिनं लग्न केलं. बाबांनी तिचं नाव टाकलं. तिची पत्रं न फोडता परत जायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

गंमत अशी की बाबा देव मानत नव्हते. गिरणीतल्या युनियनचं काम करायचे, सिनेगॉगची पायरी कुणाच्या लग्नाशिवाय चढायचे नाहीत. "आपण संस्कृतीनं ज्यू, पूजापाठानं नाही," असं म्हणायचे. हेच वाक्य मी पुढं चार ठिकाणी भाषणांत वापरलं आणि टाळ्या घेतल्या. देव सुटला तरी सोयरीक कुणाशी करायची ते बाबांचं सुटलं नाही, हे मात्र मी कधी भाषणात सांगितलं नाही.

शेवटी जानेवारीतल्या एका गुरुवारी निघाले. सोबत रेवदंड्याचे चार नारळ आणि जाडे पोहे. शुक्रवारी सकाळी लातूरला उतरले. स्टेशनवरून रिक्षानं बसस्थानक गाठलं. बाहेरच्या गाड्यावर सुशीला खाल्ली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला, दाण्याचा कूट घातलेला उपमाच. सोबत तळलेली मिरची देतात, जपून खा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास चहा-नाश्त्याइतक्या पैशांत होतो. चाकूरवरून जाणारा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे. दोन्ही बाजूंना हरभरा, काढायला आलेली तूर, मधेच करडईचे काटेरी पट्टे. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडं चाललाव?"

"आत्याकडं."

"मग लई दिवसांनी चाललाव वाटतं. निसत्या खिडकीतून बघून राहिल्यात."

अहमदपूरच्या स्थानकावर शोभा न्यायला आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पन्नाशीची, चालायला चपळ. वाटेत म्हणाली, "अव्वांना दिसत न्हाई फारसं. पण कान अजून तिखट हायत. पहाटेपासून दारात बसून राहिल्यात."

आत्या चौऱ्याऐंशीची. गावात तिला मलकव्वा म्हणतात. मिलकाचं मलका झालं आणि सासरच्या कानडी वळणानं पुढं अव्वा, म्हणजे आई, लागलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "दादाचंच नाक," म्हणाली. मग, "दादा कधी गेला?"

"नऊ वर्षं झाली."

"मला कुणी कळवलं न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी पिशवीतले नारळ काढून तिच्यापुढं ठेवले.

दुपारी ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं. जेवताना आत्या सांगत होती. सासूनं एकदाच विचारलं होतं, गळ्यात लिंग घालतीस का? ही नाही म्हणाली. सासूनं पुन्हा विषय काढला नाही. घरात मांसच शिजत नाही, त्यामुळे आपल्या खाण्यापिण्याच्या नियमांचा कधी पेच पडला नाही. "शुक्रवारी दुकान बंद करून येताना अप्पा आठवणीनं करडईचं तेल आणायचे. दिव्यासाठी. ते गेल्यावर आता शोभा आणती." अप्पा म्हणजे तिचा नवरा.

मी विचारलं, "साठ वर्षं दर शुक्रवारी दिवा लावलास?"

"मग? शब्बाथ काय मुंबईलाच येतो व्हय?"

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस, त्यात प्रवासही करायचा नसतो. माझ्या ठाण्याच्या घरात असा दिवा कधीच लागला नव्हता.

सूर्य कलल्यावर शोभानं काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर तेल ओतलं, त्यात वात तरंगत ठेवली. दोघींनी डोक्यावर पदर घेतले. मीही ओढणी घेतली. आत्यानं हात डोळ्यांवर धरले आणि हिब्रूत म्हणायला लागली. शब्द हिब्रू, पण चाल रेवदंड्याची. आणि मधेच थांबली.

"इथपर्यंतच येतं मला," ती म्हणाली. "पुढचं आई म्हणायची. इकडं आल्यावर एका वर्षात विसरले. तेव्हा पत्र टाकून विचारलं होतं दादाला. पत्र परत आलं. तवापासनं मी अर्ध्यावर थांबते आणि दिवा लावते. आता तू आलीस. तू पुढचं सांग."

"मला येत नाही" एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण ती माझ्याकडं ज्या चेहऱ्यानं वळली होती त्या चेहऱ्याला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. ज्यू असण्यावर भाषणं देणारी बाई, आणि शुक्रवारच्या दिव्याची ओळ येत नाही! लग्नांमध्ये कानावर पडलेले चार शब्द आठवले. ते पुढं-मागं करून, मधे हिब्रूसारखे आवाज घालून मी काहीतरी म्हटलं.

"हळू सांग. पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. पहिल्यासारखंच येईल याची काळजी घेत म्हटलं. तिसऱ्या वेळी शोभानं शाळेची वही आणून ते देवनागरीत उतरवून घेतलं. आत्यानं डोळे मिटून चार-पाच वेळा घोकलं, मग सगळी प्रार्थना सलग म्हटली आणि चाचपत वात पेटवली.

"झालं गं," ती म्हणाली. "पुरं झालं." तिचे गाल ओले होते.

सकाळी धपाटे आणि दही. आत्या आंघोळ करून बसली होती. माझ्यासमोर तिनं पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. "असंच ना?"

"असंच."

मी बॅग भरायला लागले तेव्हा ती म्हणाली, "शब्बाथचा प्रवास करतीस?"

"तिकीट काढलंय, आत्या. नांदेडहून गाडी आहे."

"मग जा. तिकीट वाया न्हाई घालवायचं."

अहमदपूरहून लोह्यामार्गे नांदेडलाही दीड-दोन तास. गाडीला वेळ असेल तर गुरुद्वारात जा, डोकं झाकून लंगरमध्ये बसा, कुणी तुम्हाला कोण-कुठले विचारत नाही. मीही जेवले आणि मग गोदावरीच्या घाटावर येऊन बसले. तिथं फोनवर ती प्रार्थना शोधली. अर्ध्या मिनिटात सापडली. आत्या जिथं थांबायची त्याच्या पुढं फक्त सात शब्द होते. मी सांगितलेल्यातला एकही त्यात नव्हता.

शोभाला फोन लावला.

"अव्वा खूश हायत, ताई. सकाळपासून म्हणून राहिल्यात. शेजारच्या काकूंनापण ऐकवलं. देऊ का त्यांना फोन?"

"नको, पडू दे त्यांना जरा," मी म्हटलं. आत्या पडलेली नव्हती. शोभा तसं म्हणालीही नव्हती.

घरी आल्यावर दर शुक्रवारी फोन करायचा ठरवलं आणि केलाही. प्रत्येक वेळी सांगायचंच असं ठरवून करायचे. आत्या "थांब, ऐक" म्हणायची आणि न अडखळता सगळं म्हणायची. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाठ केलेलं ते पुसायला कसं सांगू? पुढच्या शुक्रवारी, असं म्हणत उन्हाळा गेला.

जुलैत ती गेली. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं. आमच्यासारखंच लिंगायतांमध्येही पुरतात, फक्त बसवून. शोभा म्हणाली, "त्याचा प्रश्नच आला न्हाई, ताई. पण तुमच्यातलं काय म्हणायचं ते इथं कुणाला येईना. मग मी वही नेली आणि ते दिव्याचंच म्हटलं. तुम्ही सांगितलेलं. चाललं ना?"

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. सगळं.

"अव्वांना सांगायचं होतं तुम्ही," शोभा म्हणाली. "त्यांना चाललं असतं. साठ वर्षं अर्ध्यावर चालवलंच होतं की त्यांनी."

लातूर-नांदेडकडं जाणार असाल तर जानेवारी उत्तम, ऊन सोसवतं आणि शेतं हिरवी असतात. तुमचंही कुणी तिकडं असेल, ज्याचं नाव घरात कुणी काढत नाही, तर लवकर जा. आणि तिथं जे येत नसेल ते येत नाही म्हणून सांगा. मी वारसा, संस्कृती, ओळख यांवर बरंच बोलले आहे. आता तशी बोलावणी आली की नको म्हणते.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी शोभा म्हणाली, "बरं, खरं काय हाय ते सांगा. लिहून घेते."

मी सात शब्द सावकाश सांगितले. तिनं वाचून दाखवले. बरोबर होते.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.