मोटारमामांच्या दोन पिकअप

आमच्या मोटारमामांकडं दोन जुन्या अमेरिकन पिकअप होत्या, आणि त्यातली कोणती ठेवावी हे त्यांना वर्षानुवर्षं ठरवता आलं नाही. येरमाळ्याला हमरस्त्यालगत त्यांचं गॅरेज होतं. पोट दुरुस्तीवर चालायचं, पण जीव जुन्या गाड्या जमवण्यात. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक गोल नाकाची आणली आणि मागोमाग तिच्या हाडवैरी कंपनीची चपट्या नाकाची. छपराखाली जागा एकीचीच. दुसरी विकायची होती.

सकाळी त्यांना गोल नाकाची आवडे. "काय बाक हाय बघ!" संध्याकाळपर्यंत चपटीचा भक्कम सांगाडा मनात भरे. गिऱ्हाईक आलं की नेमकी त्याला हवी तीच गाडी मामांनी ठेवायची ठरवलेली असे. मामी म्हणायची, "मला बघायला आलात तवा चहा निवायच्या आत होकार दिलात. हितंच एवढा इचार?"

"तवा दोघी कुठं हुत्या निवडायला?"

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. दूध सोसायटीचे चेअरमन आले. "मामा, जनावरांना पाणी आणायला एक गाडी द्या." धड एकही चालत नव्हती. चपटीचं इंजिन गेलेलं, गोल नाकाचीचा सांगाडा गंजून तडकलेला. दोन्ही मिळून एक झाली असती. पण मग अस्सल गाड्या जपणाऱ्या हौशी माणसाच्या लेखी दोन्ही संपल्याच.

मामा दिवसभर दोघींच्या मधे बसून राहिले. जेवले नाहीत. दिवस कलल्यावर पाना घेऊन गोल नाकाचीचं इंजिन उतरवायला गेले.

"ही तर तुमची लाडकी," मामी हळूच म्हणाली.

"म्हणून तर म्याच उघडतो. दुसऱ्याचा हात नको."

उन्हाळाभर त्या जोडगाडीनं पाण्याची पिपं वाहिली. चढाला ती अशी खोकायची की बैल बुजायचे. पाऊस झाल्यावर मी विचारलं, "आता पुन्हा वेगळ्या करणार?"

मामा चिडलेच. "गावाला पाणी पाजलंय तिनं. तिला मोडू व्हय?"

पुढं थकल्यावर मामांनी ती गाडी सोसायटीला देऊन टाकली आणि दोघं सोलापूरला लेकीकडं राहायला निघाली. मी एसटीवर पोचवायला गेलो होतो. रस्त्यापलीकडं डेअरीच्या दाराशी गाडीत दुधाचे कॅन चढत होते. मामी खिडकीशी बसली. "इकडं या, दिसतीय बघा," म्हणाली.

मामा पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. "तूच बघ," ते म्हणाले. "एका झटक्यात चालू झाली का, तेवढं सांग."